अहवालाची मागची बाजू

माझे भाऊजी जुन्या ग्रंथांचे संहितासंपादक. इतरांच्या तळटीपांतल्या चुका काढण्यात त्यांची हयात गेली. एखाद्याने पान उलटून न पाहता मत ठोकून दिले, की ते त्याची सालटी काढत. म्हणून ही हकीकत सांगताना माझ्या रागाने एकही शब्द वाढवू नये, याची मी काळजी घेतो आहे.

अकरा वर्षांपूर्वी आईचे घर विकले गेले, तेव्हा ताईने तिथल्या अनंताची फांदी आणून आपल्या परसात लावली. त्या घरातले तिच्याकडे एवढेच उरले. भाऊजींनी माती तपासून घेतली. ती फार आंबट निघाली. वाफ्याला दोन किलो चुना घालावा, असा सल्ला आला. भाऊजींनी तो अहवाल खळ लावून अवजारांच्या खोलीच्या दारावर चिकटवला आणि दर वर्षी, न चुकता, दोन किलो चुना घातला.

झाडाची पाने पिवळी पडू लागली. शिरा तेवढ्या हिरव्या.

"पाण्यात बुडवून मारते आहेस तू त्याला," भाऊजींनी निदान केले. "तुझ्या हाताला गुणच नाही."

ताईने पाणी निम्म्यावर आणले. कळ्या गळाल्या. आपली सावलीही त्याला बाधते, असे ती एकदा हसत म्हणाली. मी चहा पीत होतो. मीही हसलो.

यंदा एकाच फांदीवर पाने उरली, तेव्हा तिने मला बोलावले. "अरे, माती तपासून आणू. ह्यांना सांगू नकोस, चेष्टा करतील." आम्ही चार ठिकाणी वीतभर खणून माती घेतली, एकत्र कालवली, सावलीत वाळवली आणि प्रयोगशाळेत दिली. आठ दिवसांनी अहवाल आणायला गेलो.

"काकू, बाग आहे की चुन्याची भट्टी?" तिथल्या बाई म्हणाल्या. "सामू, म्हणजे पीएच, आठच्या वर गेलाय. अनंताला साडेपाच-सहा पुरे."

"म्हणजे लोह कमी आहे का मातीत?"

"लोह ढीगभर आहे. पण एवढ्या चुन्यात मुळांना ते घेताच येत नाही. भरल्या ताटासमोर हात बांधून बसवलंय तुम्ही त्याला."

"आणि पाणी? माझं पाणी जास्त झालं म्हणून..."

"पाण्याचा काही संबंध नाही."

ताईने हे वाक्य त्यांना पुन्हा म्हणायला लावले.

बाईंनी जुनी फाइल काढली. अकरा वर्षांपूर्वीच्या अहवालाच्या मागच्या बाजूला लिहिले होते: चुना एकदाच, पुन्हा तपासल्याशिवाय घालू नये. भाऊजींनी खळ नेमकी याच बाजूला लावली होती.

"हे वाचलं नाहीत?"

मी तोंड उघडले. ताईने माझे मनगट धरले. "माझ्याकडून राहिलं," ती म्हणाली.

बाईंचा आवाज उतरला. गंधक घाला, कुजलेले खत घाला, पानांवर लोहाची फवारणी करा. गंधकाला वर्ष-दोन वर्षे लागतात; तोवर झाड तगले पाहिजे. चुन्याचा कणही आता नको. त्यांनी त्या जुन्या अहवालाची प्रतही दिली.

बाहेर आल्यावर मी विचारले, "त्यांना कशाला पाठीशी घालतेस?"

"पाठीशी कुठे घालतेय रे? त्यांचं चुकलं म्हणून झाड जगणार आहे का? चुना बंद, एवढं आज सांगते. बास."

परसात भाऊजी नळाखाली हात धूत होते. झाडाचे बूड पांढरेशुभ्र.

"तू नव्हतीस, म्हटलं यंदाचं उरकून टाकावं. फारच मलूल दिसलं, म्हणून चार किलो घातला. वर पाणीही सोडलंय, मुरेल चांगलं."

ताईने येताना घेतलेली गंधकाची पिशवी खाली ठेवली, गुडघे टेकले आणि तो ओला चुना ओंजळीने उपसू लागली.

"अगं, हाताला लागेल! मुळं उघडी पडतायत. किती वेळा सांगितलं, त्याच्या वाटेला जाऊ नकोस म्हणून."

मी जुन्या अहवालाची प्रत त्यांच्यापुढे धरली, मागची बाजू वर करून. त्यांनी चष्मा लावला. सवयीप्रमाणे दोनदा वाचले.

"खाली सही नाही," ते म्हणाले.

ताईने वर पाहिले नाही. चुन्याबरोबर केसांएवढी बारीक मुळे तुटून तिच्या ओंजळीत आली होती. ती एकेक वेचून पुन्हा मातीत ठेवत होती.