कूलरमागचा नवरा

पाचोडच्या बसस्टँडसमोर, ऐन बाजाराच्या दिवशी, वीस फुटी फ्लेक्स लागला. 'गावचे सुपुत्र, कूलरसम्राट गोकुळभाऊ यांना ऑटिझम मिळाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' खाली शुभेच्छुकांचे बत्तीस चेहरे. निम्म्यांच्या डोळ्यांवर गॉगल, चौघांच्या कानाला फोन. मधोमध फेटा बांधलेले गोकुळचे वडील कडूबा. स्वतः गोकुळ एका कोपऱ्यात, आधार कार्डावरच्या फोटोत, नुकतंच कुणीतरी दचकवल्यासारखा.

यात थट्टा कुणीच केली नव्हती, हे आधीच सांगतो. झालं असं, की कडूबा डोळे तपासायला शहरात लेकाकडं आले होते. टेबलावर कागद दिसला. त्यावर गोल शिक्का, डॉक्टरीणबाईंची सही आणि पोराचं पूर्ण नाव. त्यांनी सुनेला विचारलं. मोनिका पोळ्या लाटत होती. ती म्हणाली, "मामा, त्यांना ऑटिझम आहे. सहा महिने चकरा मारल्या, तेव्हा कुठं कागद मिळाला."

सहा महिने चकरा मारून मिळालेला कागद म्हणजे काय, हे कडूबांना पक्कं ठाऊक होतं. विहिरीवरच्या मोटारीचं वीजकनेक्शन त्यांना असंच मिळालं होतं आणि त्या दिवशी त्यांनी गावात पेढे वाटले होते. त्यांनी दुसरं काही विचारलं नाही. गावी गेले आणि थेट फ्लेक्सच्या दुकानात शिरले.

आता ज्याच्यासाठी हा सगळा थाट, त्या गोकुळबद्दल. वय एकोणचाळीस. चिकलठाण्याला कूलरचं वर्कशॉप. तुमचा कूलर कुरकुरतोय? फोन मोटरजवळ धरा. पलीकडून गोकुळ सांगणार, "बेअरिंग गेलंय. आणि तुमच्या स्वयंपाकघरातला नळ गळतोय." दोन्ही खरं निघायचं. माणसांचं बोलणं मात्र त्याला इतकं सरळ उलगडत नसे. एका हॉटेलवाल्याला बारा कूलर हवे होते. गोकुळ सगळी इमारत फिरून आला नि म्हणाला, "तुम्हाला कूलर नको. खिडक्या उघडा." हॉटेलवाल्यानं उघडल्या. बारा कूलर गेले ते गेलेच. भागीदार साहेबराव, ज्याच्याकडं गिऱ्हाइकाशी गोड बोलायचं खातं होतं, त्यानं पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी हात जोडले आणि भर सीझनला निघून गेला.

पण डॉक्टरकडं जाण्याचं कारण साहेबराव नव्हता. कारण होतं लग्नाचा अल्बम.

अकरा वर्षांपूर्वी, शेवटचं मंगलाष्टक संपलं, अंतरपाट खाली आला, बँड आणि फटाके एकदम फुटले आणि मोनिकानं हार उचलून पाहिलं तर समोर नवरदेव नाही. अर्ध्या तासानं तो मंगल कार्यालयाच्या मोठ्या कूलरमागं सापडला. कानांवर हात, डोळे मिटलेले, मोटरच्या घुंईला पाठ टेकून बसलेला. हार कसाबसा तिथंच गळ्यात पडला, सप्तपदीही बँड बंद करून उरकली, पण जेवणावळीचा गोंगाट सुरू होताच गडी पुन्हा कूलरमागं. फोटोग्राफर मात्र मोठा कर्तबगार. अल्बम बिघडायला नको म्हणून त्यानं गोकुळचा चुलतभाऊ कृष्णा याच्या डोक्यावर फेटा चढवला, मुंडावळ्या बांधल्या आणि नवरा-नवरीचे सगळे फोटो काढून घेतले. त्यामुळं मोनिकाच्या अल्बममध्ये मोनिका आहे, कृष्णा आहे, फोटोग्राफरचं कौशल्य आहे. नवरा नाही.

दर सणाला कृष्णा पुण्याहून यायचा आणि म्हणायचा, "वहिनी, काढा की आपला अल्बम!" सगळे खो खो हसायचे, मोनिकाही हसायची. दहा वर्षं हसली. अकराव्या पाडव्याला तिला हसू आलं नाही. पाहुणे गेल्यावर ती गोकुळसमोर बसली. गोकुळला आडून बोललेलं कळत नाही हे तिला ठाऊक होतं, म्हणून तिनं सरळ सांगितलं.

"माघात सिल्लोडला माझ्या भावाचं लग्न आहे. मला त्या लग्नातला एक फोटो पाहिजे. तुमच्यासोबत. खऱ्या तुमच्यासोबत. तुम्ही पुन्हा गायब झालात, तर मी सिल्लोडलाच राहणार. रुसून नाही. दमून."

गोकुळनं विचार केला. मग विचारलं, "फोटो केवढा? पासपोर्टचा का पोस्टकार्डाचा?"

तो थट्टा करत नव्हता. मोनिकाला ते कळत होतं, आणि तेच तर फार दमवणारं होतं. तिनं समर्थनगरच्या डॉक्टर कालिंदीबाईंची वेळ घेतली.

सहा महिन्यांनी कागद आला, कागदामागून फ्लेक्स आला आणि फ्लेक्समागून माणसं आली. एकानं विचारलं, अर्ज तहसीलमध्ये करायचा का ऑनलाइन. एकानं सबसिडी किती टक्के ते विचारलं. पंचायतीच्या निवडणुकीला उभा राहणारा एक जण म्हणाला, "भाऊ, मलाबी तुमच्यासारखं काही मिळवून द्या, वजन पडतं." गोकुळ प्रत्येकाला पंधरा मिनिटं शांतपणे समजावून सांगायचा. माणूस पंधरा मिनिटं मान हलवायचा आणि जाताना अभिनंदन करायचा.

शेवटी मोनिकानंच सासऱ्यांना बसवून खरं काय ते सांगितलं. कडूबा पुढं सरकून बसले.

"आजार हाय का?"

"आजार नाही, मामा. त्यांची घडणच तशी आहे. आवाज त्यांना आपल्यापेक्षा फार मोठा लागतो."

"लहानपणी पोळ्याला ह्यो ढोलापासून पळायचा," कडूबा म्हणाले. "मी कान धरून परत न्यायचो. समद्या गावासमोर. लई मारलं म्या त्याला." त्यांनी चष्मा काढून धोतरानं पुसला. चष्मा स्वच्छच होता. "फ्लेक्स राहू दे. मारताना गावानं बघितलं व्हतं, आता ह्येबी बघू दे."

फ्लेक्स राहिला. आणि त्याच फ्लेक्समुळं एक दिवस गावातल्या मनकर्णाबाई नातीला घेऊन वर्कशॉपवर आल्या. पोरगी पिठाच्या गिरणीपाशी किंचाळायची. गोकुळनं तिला एका चालू कूलरमागं बसवलं आणि आपण शेजारी बसला. दोघं तासभर तिथंच होती. मनकर्णाबाई उठताना म्हणाल्या, "ह्ये असलं लग्नात मिळंल का वो? आम्ही दोन वर्षं कुणाच्या लग्नाला गेलो नाय."

गोकुळनं ते सरळ ऑर्डर म्हणून लिहून घेतलं. आठवड्याभरात माल तयार झाला. मोठा कूलर, पाण्याविना, एका सुरात घुमणारा. मागं जाड गोधड्यांचा पडदा आणि आत सहा खुर्च्या. नाव 'शांत कोपरा'. लोक हसले, थंडीत कूलर भाड्यानं देतोय म्हणून. पण मार्गशीर्षात एका कार्यालयानं नेला आणि परत द्यायलाच तयार होईना. आत म्हाताऱ्या बसत, बाळंतिणी बसत, एकदा नवरीचे वडील जे जाऊन बसले ते पाठवणीलाच बाहेर आले. पौषापर्यंत गोकुळकडं असे नऊ कोपरे झाले आणि कूलर विकणं मागं पडलं.

माघ आला. सिल्लोडच्या लग्नात गोकुळनं आदल्या दिवशीच आपला कोपरा नेऊन लावला. मोनिकाला म्हणाला, "मी मांडवात वीस मिनिटं थांबेन. जास्तच झालं तर कोपऱ्यात असेन. गायब होणार नाही. पत्ता सांगून जातोय."

तो एकोणीस मिनिटं थांबला. मग डीजे लागला.

मोनिकानं वळून पाहिलं, खुर्ची रिकामी. स्टेजवर फोटोग्राफर ओरडत होता, "नवरदेव कुठाय? अरे नवरदेव!" मुहूर्त टळत चालला होता, गुरुजीही दिसेनात. मोनिका पदर खोचून थेट कूलरकडं गेली आणि तिनं पडदा सरकवला.

आत पाय ठेवायला जागा नव्हती. मनकर्णाबाई आणि नात, गोकुळनं आवर्जून बोलावलेल्या. ताशावाले दोघं, कानात कापूस घातलेले. गुरुजी. जुना भागीदार साहेबराव, जो म्हणत होता, "गोकुळ, लेका, ह्यात मला पुन्हा भागी दे ना." आणि मुंडावळ्या कपाळावर सारून बसलेला मोनिकाचा सख्खा भाऊ. "ताई, पाचच मिनिटं," तो म्हणाला. "लई भारी वाटतंय इथं."

सगळ्यात मागं, कूलरला पाठ टेकून, गोकुळ. त्याच्या शेजारच्या खुर्चीवर त्यानं रुमाल टाकून जागा धरली होती.

"वीस होणार होती," तो म्हणाला. "एक कमी पडलं. फोटो इथं चालेल का?"

मोनिकानं रुमाल उचलला आणि बसली. तिला रडू आलं आणि ते कुणाला ऐकू गेलं नाही, कूलर चालू होता ना. नवरदेवाला शोधत आलेल्या फोटोग्राफरनं पडद्यातून डोकं आत घातलं. मोनिका म्हणाली, "आधी आमचा काढा."

पाडव्याला कृष्णा आला आणि नेहमीसारखा ओरडला, "वहिनी, काढा आपला अल्बम!" मोनिकानं काढला. पहिल्याच पानावर नवा फोटो होता. तिचे डोळे सुजलेले, मागं गुरुजींचं अर्धं डोकं, आणि बाजूचा माणूस कॅमेऱ्याकडं न बघता मोटरचा आवाज ऐकतोय.

"हा कोण?" कृष्णानं हसत विचारलं.

"माझा नवरा," मोनिका म्हणाली. "पहिल्या दिवसापासून कूलरमागंच होता. मीच तिथं जाऊन बसले नव्हते."

गोकुळनं फोटो हातात घेतला, नीट पाहिला आणि म्हणाला, "पोस्टकार्डाचा आहे."

मोनिका हसली, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग तिनं कृष्णाला श्रीखंड वाढलं.