केशरबाईंचा गोळ्यांचा डबा

मित्रांनो, हसनाबादच्या एका घरातल्या फळीवर बसलेला मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. झाकणावरचे गुलाब पाहून केशरबाईंनी मला भोकरदनच्या बाजारातून हौसेने आणले, त्याला आता बरीच वर्षे झाली. आधी माझ्यात करंज्या असत. पुढे केशरबाईंना शुगर निघाली, मग बीपी, आणि माझ्यात गोळ्या आल्या.

त्यांच्या वासाची मला अजून शिसारी येते. सांडलेल्या खोकल्याच्या औषधाने सगळ्या पट्ट्या एकमेकींना चिकटलेल्या. पण खरी किळस यायची ती माणसांची. भोकरदनचे डॉक्टर वेगळे, जालन्याचे वेगळे, आणि "अजून कुठली औषधं घेता?" असे दोघांनीही कधी विचारले नाही. केशरबाईही कमी नव्हत्या. दवाखान्यात जाताना मला मुद्दाम घरी ठेवत. म्हणत, "दुसऱ्याची चिठ्ठी दावली की डॉक्टर खवळतो."

१९९६ साली, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी त्या घामाने भिजल्या, थरथरू लागल्या, काहीबाही बोलू लागल्या. त्यांचे मालक रखमाजी धावत जाऊन झुंबरबाई नर्सना घेऊन आले. झुंबरबाईंनी घोट घोट साखरेचे पाणी पाजले. केशरबाई सावरल्यावर नर्सबाईंनी मला बाजेवर पालथे केले आणि एकेक पट्टी वाचली.

"केशरबाई, ह्या दोन्ही शुगरच्याच गोळ्या हायेत. औषध येकच, नाव तेवढं निराळं. तुम्ही दुप्पट खाऊन राह्यल्या, म्हणून साखर पार उतरली."

"मला काय म्हाईत बाई? एक लाल व्हती, एक पांढरी."

दुसऱ्या दिवशी झुंबरबाई मला काखेत मारून एसटीने भोकरदनला गेल्या आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवून म्हणाल्या, "आधी हे बघा, मंग लिहा." डॉक्टरांनी नाक मुरडले, पण पाहिले. त्यांनी चार औषधे बंद केली. उरलेली एका कार्डावर लिहिली गेली, ते माझ्या झाकणात राहू लागले. जालन्याच्या डॉक्टरांनाही मग त्याच कार्डावर लिहावे लागे. तीन वर्षे मी स्वच्छ होतो. मग झुंबरबाईंची बदली झाली आणि कार्ड तसेच पडून राहिले.

आता रखमाजींनाही शुगर निघाली आहे. काल भोकरदनला निघताना तेच रखमाजी म्हणाले, "जालन्याची चिठ्ठी तिथं दावायची न्हाई. डॉक्टर उगं खवळंल." ऐकून मला त्यांचा वीट आला.

केशरबाईंनी फळीवरून मला काढले, पदराने पुसले, काखेत घेतले आणि त्या पुढे चालू लागल्या.

मित्रांनो, तुमच्या घरातला डबाही असाच उचला. त्यात लाजण्यासारखे काही नाही. लाज वाटायचीच असेल, तर न विचारणाऱ्याला वाटू द्या.