अक्रोडातला पाळणा

नाताळच्या आदल्या दिवशी दुपारी रॉयस होल्त्झने आईसमोर कबूल केलं, की पाळणा त्यानेच हरवला. हे वाक्य आपण वाचलंच नाही असं समजा. रॉयसनेही जवळजवळ अख्खं वर्ष तसंच समजून काढलं होतं आणि त्याचं बऱ्यापैकी निभावलं होतं.

पाळणा म्हणजे अक्रोडाचं अर्धं कवच. त्यात नखाएवढा, मेणाचा बाळ येशू. रॉयसच्या पणजीने केलेला. होल्त्झांच्या घरी झाडाला लावायच्या वस्तूंचं एक खोकं होतं आणि त्यात प्रत्येकाची एक वस्तू होती. आईचा शेपूट तुटलेला काचेचा पक्षी. बाबांचं पत्र्याचं घुबड. रॉयसने बालवाडीत केलेलं मातीचं हरीण, जे पाहून पाद्रीसाहेबांनी "बटाटा छान जमलाय" अशी शाबासकी दिली होती. नाताळाआधीचे चार रविवार म्हणजे आगमनकाळ; त्यातल्या पहिल्या रविवारी झाड घरात यायचं. मग दर रविवारी एक मेणबत्ती वाढायची आणि थोड्या थोड्या वस्तू फांद्यांवर चढायच्या. पाळणा तेवढा काड्यापेटीत थांबायचा. तो कुणा एकाचा नव्हता. त्याची पाळी सगळ्यांत शेवटी, नाताळच्या आदल्या दिवशी, आणि जागाही दर्शनी नाही. पार आत, खोडाला टेकून.

"बाळाला भेटायचं तर हात आत घालायचा," बाबा म्हणायचे. "टोचलं तर टोचू दे. गोठ्यातलं गवत काय मऊ होतं?"

म्हणूनच झाड टाकून देतानाचा घरचा नियम ठरलेला होता. दाराबाहेर काढण्याआधी उघडा हात खोडावरून वरपासून खालपर्यंत फिरवायचा.

मागच्या जानेवारीत, नाताळचे दिवस संपवणारा तीन राजांचा सण झाल्यावर, हे काम रॉयसकडे आलं. बाहेर विस्कॉन्सिनची थंडी, टीव्हीवर फुटबॉलची मॅच. त्याने हात फिरवला. हातमोजे घालून. जाड लोकरीचे, आतून अस्तर लावलेले मोजे. झाडात हत्ती बसला असता तरी त्या मोज्यांना पत्ता लागला नसता. झाड रस्त्याच्या कडेला गेलं. नगरपालिकेची गाडी आली, गाडीमागच्या यंत्राने झाड भरडलं, आणि दरवर्षीप्रमाणे गावातल्या सगळ्या झाडांचा चुरा उद्यानाच्या पायवाटेवर पसरण्यात आला.

"हात फिरवलास ना रे?" बाबांनी विचारलं.

"फिरवला."

बाबांनी त्याच्या हातांकडे पाहिलं. "बरं," म्हणाले आणि मॅच बघायला बसले.

संध्याकाळी खोकं आवरताना रॉयसने काड्यापेटी हलवली. आवाज आला नाही. त्याने ती अगदी तळाशी, बटाट्याच्या, म्हणजे हरणाच्या खाली ठेवून दिली.

बर्फ वितळलं, ईस्टरआधीचा उपवासकाळ आला, आणि बाबा दाताळं घेऊन रोज उद्यानात जायला लागले. पायवाट उकरायचे, वाकून बघायचे, पुन्हा सारखी करायचे. रॉयसला खरं तर कळायला हवं होतं. पण ज्याने काही हरवलेलंच नाही, त्याने बाबा काय शोधतायत हे ओळखावं तरी कसं?

"बाबा, पेन्शन पुरत नाही का? पालिकेत लागलात?"

बाबा सूप पीत राहिले.

"दुकानात लोक विचारतात, तुझ्या बाबांचं काय हरवलंय म्हणून."

"मग तू काय सांगतोस?"

"सांगतो, अक्कल."

यावर बाबा मनापासून हसले होते. ईस्टर झाला आणि थोड्याच दिवसांत ते झोपेतच गेले. दाताळं गराजमध्ये खिळ्याला टांगलेलं राहिलं, दात्यांमध्ये चुरा तसाच.

यंदाच्या आगमनकाळात रॉयसने अक्रोडांचं पोतं आणलं. कवच सरळ अर्ध्यात फुटेना. तो फोडत राहिला, आई भाजत राहिली. अक्रोडाचा केक झाला, अक्रोडाचा पाव झाला, मग खिम्यात अक्रोड घालून मीटलोफ झालं.

"खारूताईला नवस बोललायस का?" आईने विचारलं.

शेवटी एक कवच जमलं. बाळ त्याने वाढदिवसाच्या मेणबत्तीचं केलं. ते गुलाबी झालं, आणि चेहरा का कोण जाणे, विमा एजंटासारखा झाला. त्याने ते कवचात घालून काड्यापेटीत झोपवलं आणि झाकण ढकललं.

नाताळच्या आदल्या दिवशी आईने पेटी उघडली. चष्मा लावला. पुन्हा पाहिलं.

"हा बाळ येशू पॉलिसी विकायला आलाय का रे?"

रॉयस झाडाकडे वळला. मग म्हणाला, "आई, पाळणा मी हरवला. झाडात राहिला. मी नीट बघितलंच नव्हतं."

"माहितीये."

"कधीपासून?"

"त्याच दिवसापासून. हातावर एक ओरखडा नव्हता तुझ्या. तुझ्या बाबांनी मला तेव्हाच सांगितलं."

"मग बोलले का नाहीत?"

"मी म्हटलं, धरा कान गाढवाचा. तर म्हणाले, नको, येईल आपणहून सांगायला. थांबू." आईने पेटी मांडीवर ठेवली. "तेवढ्यात सापडला तर बघतो म्हणाले. सापडला असता तर गुपचूप पेटीत ठेवणार होते. तुझं तुलाही कळलं नसतं."

"आणि मी..."

"अक्कल म्हणालास. हो. आवडलं होतं त्यांना. रात्री झोपताना परत हसले."

रॉयसला वाटलं, आता तिने ओरडावं. तिने एजंटाला अलगद उचललं आणि त्याच्या तळहातावर ठेवलं.

"लाव. आत, खोडाजवळ. आणि बाही वर कर."

त्याने हात घातला. खूप टोचलं, तरी पुरेसं वाटेना. पाळणा खोडाला टेकला, पण हात बाहेर काढायचं त्याच्या मनात येईना. आई चर्चला जायचा कोट घालून आली तरी तो तसाच, खांद्यापर्यंत झाडात.

"चल रे. वाट बघतायत," ती म्हणाली. कोण, ते सांगितलं नाही.

नाताळनंतर कचेरी उघडल्यावर उद्यान विभागाकडे पुढील अर्ज दाखल झाला:

"महोदय, मागील जानेवारीत आमच्या घरासमोरून उचललेले झाड आपल्या उद्यानातील पायवाटेवर पसरलेले आहे. तरी सदर पायवाट उचलून, इतरांच्या झाडांचा चुरा वेगळा करून, आमचे झाड फांद्यांसह पूर्ववत जोडून द्यावे ही नम्र विनंती. झाड पोहोचते करताना, हात फिरवलास का असे विचारणारे गृहस्थही सोबत पाठवावेत. ते बहुधा त्याच पायवाटेवर, दाताळ्यासह आढळतील. तपासणी अर्जदार स्वतः, हातमोजे काढून करेल. तोपर्यंत अर्जदार थांबण्यास तयार आहे."