खुराड्याच्या कोटातला रेडिओ

मी एक जुना रेडिओ आहे आणि पोलीसबाई गेली.

मित्रांनो, हे वाक्य तुम्ही वाचलेले नाही. बातमी चुकून आधी लागली. पोलीसबाई ठणठणीत आहे. ती अंगणात छाती पुढे काढून फिरते आहे आणि दाणा टिपणाऱ्या प्रत्येकीला अडवून चौकशी करते आहे. ती तांबडी कोंबडी आहे, हे सांगायचे राहिलेच. आता नीट सुरुवात करतो.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. आम्ही भावंडे एका पट्ट्यावरून ओळीने सरकत होतो. शेवटच्या टेबलावरचा माणूस प्रत्येकाला कानाशी धरून ऐके आणि मान हलवी. माझ्या वेळी त्याने मान जरा उशिरा हलवली. ते मला अजून लागून राहिले आहे.

दुकानातून मला शिवणकाम करणाऱ्या एका बाईंनी घेतले. त्या भावाच्या घरी राहतात. भावजय त्यांना वन्सं म्हणते, म्हणून मीही वन्संच म्हणतो. माझे वेगळे नाते कोणी लावून दिलेले नाही. शिलाई मशीनच्या वरच्या फळीवर बसून मी हवामान सांगायचो आणि वन्सं शर्टांना बाह्या लावायच्या. कितीतरी लोक आज काखेत वादळाचा इशारा घेऊन हिंडत आहेत, पण त्यांना त्याची कल्पना नाही.

पुढे माझी एरियल मोडली. तिच्या जागी विणकामाची सुई आली. मग घरात फोन आले, फोनमध्ये गाणी आली आणि माझी बदली अंगणातल्या खुराड्यात झाली. माणसाचा आवाज ऐकून मांजर दूर राहते, असे वन्संचे म्हणणे होते. मांजर खरोखरच येईना. कोंबड्या माझ्यासमोर बसून शेअरबाजार ऐकायच्या आणि अंडी द्यायच्या. "हा आल्यापासून अंडी वाढली हो," असे वन्सं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. मित्रांनो, आयुष्यात मला मिळालेली ही एकमेव शाबासकी.

थंडी पडली तेव्हा वन्संनी खुराड्याचे माप घेतले. दुसऱ्या कोणी पोते टाकले असते. वन्संनी कोट शिवला. आत कापूस, बाहेर जाड कापड, पुढे बटणांची ओळ, वर कॉलर. खुराड्याला मान नाही, हा मुद्दा त्यांच्या भावाने मांडून पाहिला. त्यावर वन्सं म्हणाल्या, "तुलाही नाही. तरी मी शिवतेच की नाही?" कोटाची वरची कड त्यांनी खिळ्यांनी चौकटीला पक्की केली आणि छातीवर एक खिसा ठेवला. त्या खिशात मी राहू लागलो. कुठेही फट राहिली नव्हती. वन्संच्या हातच्या कामात फट नसते.

त्याच आठवड्यात वहिनींनी, म्हणजे वन्संच्या भावजयीने, बाजारातून एक पांढरी कोंबडी आणली. ती सारखी शिंकत होती, पण इतक्या हळू आणि इतक्या अदबीने की सगळ्यांना तिचे कौतुकच वाटले. तिला पाहुणी म्हणू लागले आणि लगेच कोटाची बटणे काढून बाकीच्या कोंबड्यांत सोडले.

काही दिवसांनी खुराड्यातून खरखर ऐकू येऊ लागली.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. वन्संनी मला एक चापटी मारली. खरखर थांबली नाही. वहिनींनी दोन मारल्या. त्यांच्या नवऱ्याने मला उघडून फुंकर मारली, तेल सोडले, पुन्हा बंद केले आणि सवयीने एक चापटी मारली. अंडी कमी झाली होती. त्याचाही दोष माझ्याकडे आला.

"वन्सं, तुमचा रेडिओ दम्याने मरणार बघा," वहिनी म्हणाल्या.

"मरू दे. पण आधी बातम्या पुऱ्या करू दे."

मी स्वच्छ बोलत होतो, मित्रांनो. पण स्वच्छ बोलून मी ते सांगणार कसे? मला जे येते तेच मी बोलतो, आणि त्या दिवसांत कांद्याचे भाव येत होते.

एके दिवशी दिवेलागणीला घरातले घड्याळ बंद पडले. वहिनी आल्या आणि माझे सेल काढून घेऊन निघाल्या. मी गप्प झालो. चार पावले गेल्यावर त्या थबकल्या.

"अगं बाई! वन्सं, इकडे या. सेल काढले तरी खरखरतोय!"

वन्सं आल्या. सवयीने त्यांचा हात वर गेला होता. तो तसाच हवेत राहिला. मग त्यांनी वाकून कान कोटाला लावला.

"हा नाही गं खरखरत," त्या हळूच म्हणाल्या.

त्यांनी बटणे काढली. आतून असा उग्र वास आला की दोघींच्या डोळ्यांतून पाणी आले. ओल्या विष्ठेची वाफ आतच कोंडली होती. पोलीसबाई कोपऱ्यात मान ताणून, चोच उघडी टाकून श्वास घेत होती. नाकपुड्या ओल्या होत्या, डोळ्याच्या कडेला फेस आला होता, एक गाल सुजला होता. प्रत्येक श्वासाला ती बिघडलेल्या रेडिओसारखी खरखरत होती. ती कोणाला अडवत नव्हती.

"ह्यांच्या खोकल्याचं औषध आहे की अर्धी बाटली," वहिनी घाबरून म्हणाल्या.

"ते त्याला लागू पडलं नाही, हिला पडेल? डॉक्टरला फोन लाव आधी."

गुरांच्या दवाखान्यातली डॉक्टरीण आली. वयाने लहान, बोलायला सावकाश. तिने तोंडाला फडके बांधले, हातमोजे घातले आणि कोंबड्यांच्या घशातले नमुने घेतले.

"आवाज कधीपासून आहे?"

वहिनी म्हणाल्या, "आम्हाला वाटलं, रेडिओ आजारी आहे."

"त्याला काय दिलंत?"

"चापट्या."

डॉक्टरणीने ते लिहून घेतले नाही. ती म्हणाली, "जिला त्रास होतोय तिला आजच वेगळी ठेवा, लांब. दाणापाणी आधी चांगल्यांना, मग हिला. प्रत्येक वेळी हात धुवायचे, चपला बदलायच्या. मी सांगेपर्यंत अंडी कोणाला द्यायची नाहीत. पटापट मरायला लागल्या तर लगेच मला कळवायचं, हात लावायचा नाही. आणि नवी कोंबडी आणली की काही आठवडे वेगळीच ठेवायची असते, बरं का."

वहिनींनी मान खाली घातली. पलीकडच्या गल्लीत त्यांचे माहेर. तिथेही कोंबड्या आहेत आणि त्यांना दाणे टाकायला वहिनी रोज त्याच चपलांनी जात.

"आता आईकडे नाही जायचं का मी?" त्यांनी विचारले.

"फोनवर जा," डॉक्टरीण म्हणाली.

त्यावर वन्सं काहीतरी टोचून बोलतील, असे मला वाटले होते. पण त्या कोटाकडे पाहत होत्या.

"हा मी शिवलाय," त्या म्हणाल्या. "उबेसाठी."

"छान शिवलाय हो," डॉक्टरीण म्हणाली. "पण कोंबडीला थंडी सोसते, कोंडलेली हवा सोसत नाही. वरून वारा खेळला पाहिजे, फक्त अंगावर झोत नको."

वन्सं घरात गेल्या आणि कापडाची मोठी कात्री घेऊन आल्या. नुसती बटणे काढून भागणार नव्हते, कारण वरची कड खिळ्यांना पक्की होती. त्यांनी कॉलरपासून कापायला सुरुवात केली. जाड कापडातून कात्री जाताना करकर आवाज येत होता. खिसा कापला गेला तेव्हा मी खाली पडलो आणि माझी काच तडकली. ते कोणाच्या लक्षात आले नाही आणि यायला नकोच होते.

पोलीसबाईला न्हाणीघरात टोपलीत ठेवले. डॉक्टरणीने दिलेले औषध वन्सं पाण्यातून देत. नाकाला फडके बांधून जात, हात धुऊन येत. दोन-तीनदा ती टोपलीत उभी राहिली, वन्संच्या वाटेत आडवी आली, आणि सगळ्यांना आशा वाटली.

सुरुवातीला जे वाक्य तुम्ही वाचले नव्हते, ते आता वाचा.

ती दुपारची गेली. डॉक्टरणीला कळवले, तिने सांगितले तसे हातमोजे घालून खोल पुरले. वहिनी रडत म्हणाल्या, "मी आणली ती पाहुणी, वन्सं. माझ्यामुळे झालं."

"तू पाहुणी आणलीस, मी दारं-खिडक्या शिवून टाकल्या," वन्सं म्हणाल्या. "चल, हात धू."

बाकीच्या वाचल्या. पाहुणीही वाचली आणि अजूनही अदबीने शिंकते. बऱ्या दिसल्या तरी हा आजार काहींच्या अंगात कायमचा राहतो, असे डॉक्टरीण सांगून गेली आहे. म्हणून या घरात आता नवी कोंबडी येत नाही आणि इथली दुसरीकडे जात नाही. माहेरच्या कोंबड्या धडधाकट आहेत ना, हे वहिनी रोज फोनवर विचारून घेतात.

मला आता खुराड्याबाहेर खिळ्याला टांगले आहे. रोज दिवेलागणीला वन्सं येतात, मला बंद करतात आणि जाळीला कान लावून उभ्या राहतात. एकेकीचा श्वास ऐकतात. मीही ऐकतो. मित्रांनो, मी आयुष्यभर बोललो, पण या घराच्या सर्वांत जास्त उपयोगी पडलो तो गप्प बसल्यावर. तुमच्याकडे पाळलेला एखादा जीव असेल, तर त्याच्यासाठी दिवसातून एकदा सगळे आवाज बंद करा. त्याला बोलता येत नाही. श्वास मात्र घेता येतो आणि तो ऐकू येतो.

तरी सर्व प्रक्षेपण केंद्रांच्या माननीय संचालकांस नम्र विनंती की, दररोज दिवेलागणीच्या वेळी आपले सर्व कार्यक्रम, जाहिराती व बातम्या एकाच वेळी थांबवण्यात याव्यात, आणि देशातील शेवटची कोंबडी नीट श्वास घेत असल्याची खात्री झाल्याशिवाय त्या पुन्हा सुरू करण्यात येऊ नयेत. सदर अर्ज कांद्याच्या भावांआधी विचारात घेण्यात यावा.