नालीचं तोंड

मी थुंकले ही गोष्ट खरी. पन सरपंचाच्या बॅनरवर न्हाई, बॅनरच्या खाली थुंकले. आता बॅनरच भुईला टेकवून बांधला आन् सरपंचाचं तोंड समद्यात खाली आलं, त्याला मी काय करू?

बॅनरवर लिव्हलं व्हतं, 'स्वच्छ गाव, भव्य तीज महोत्सव'. म्हंजे तीज आमच्या तांड्याची. दुरड्यांत गहू पेरला आमच्या पोरींनी, नऊ दिस पानी घालून, गाणी म्हनून वाढवला आमच्या पोरींनी, आन् महोत्सव सरपंचाचा! आयत्या बिळावर नागोबा. ते बी सोसलं असतं. पन बॅनर बांधला कुठं? नालीपुढं आडवा. तालुक्याच्या पाव्हण्यांना घाण दिसू नये म्हनून.

त्या नालीचं काय सांगू तुमाला! साऱ्या गावाच्या मोऱ्या, संडास, गोठे, समदं त्या नालीतून येतं आन् आमच्या वाटंवर येऊन सांडतं. तितून झिरपत आमच्या विहिरीत. बादली वर आली की नाकाला पदर लावावा लागतो. पियाचं पानी तर आमी हट्टा गावच्या रस्त्यावरच्या बोरचंच आणतो. पन तीज दरसाल त्याच विहिरीत बोळवायची, ही वाडवडलांची रीत. माझ्या लेकीची, रीताची, औंदा शेवटची तीज, उन्हाळ्यात तिचं लगीन. ती मला म्हनली, "याडी, लेकरावानी जपलेली तीज मी त्या घाणीत टाकनार न्हाई." मी भाकऱ्या थापत राहिले.

म्हनून पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेला आमी बाया गेलो. माझी थोरली जाऊ शकुंतलाबाई पुढं, आमी मागं. आमची गडीमानसं जिलेबी खाऊन भिंतीला टेकली व्हती. शकुंतलाबाई बोलाया उठली तर सरपंच म्हनला, "बाई, सणासुदीचा दिस हाय, घाणीचा इषय काहून काढून राहिल्या?"

तवा साऱ्या सभेत एकच गडी उठला, रत्नपाल. नालीच्या पल्याड, खालच्या अंगाला त्याची वस्ती. आमच्या तांड्याचा न्हाई, नात्याचा न्हाई. तो म्हनला, "सरपंच, घाणीला सण कळतो का? ती तर आज बी वाहून राहिली."

सभा खदाखदा हसली. सरपंचाचा चेहरा उतरला. म्हनला, "तिजेच्या आत नालीचं तोंड फिरवतो. शब्द देतो."

शब्द दिला आन् बॅनर आणला.

तिजेच्या दिशी पाव्हण्यांच्या दोन गाड्या आल्या. त्याच्या आधी एक ट्रॅक्टर आला, वाळल्या पाल्याचा. खोटं बोलत असंल तर जीभ झडो माझी. मंदिरापुढं तो पाला पसरला, कोरे झाडू वाटले, पाव्हण्यांनी तो पाला झाडला आन् फोटो काढले. मला शिसारी आली. बॅनरखाली थुंकले ते तवाच. आमच्या दारात कचरा कमी पडला व्हय रे, म्हनून इकत आणला?

मंग पोरींनी दुरड्या डोक्यावर घेतल्या. सरपंच मोठ्या साहेबाला म्हनला, "चला साहेब, आपन समद्यात पुढं. फोटो झकास येतो."

आमचा नायक उत्तमसिंग काठी टेकत आला. तांड्याचा म्होरक्या, पन जन्मात कुन्या साहेबाला उलटून बोलला न्हाई. हात जोडून म्हनला, "मान तुमचाच, साहेब. पन तिजेच्या पुढं चालणाऱ्यानं पायतान काढावं लागतं. आन् एकडाव तीज डोक्यावर चढली की मागं फिरायचं न्हाई, भुईला टेकवायची बी न्हाई. आमची रीत हाय."

बिचारा म्हातारा रीत सांगून राहिला व्हता, त्याच्या मनात काय बी नव्हतं. पन शकुंतलाबाईचे डोळे चमकले. ती गेली आन् इळ्यानं बॅनरच्या सुतळ्या कापल्या. बॅनर नालीत पडला. विहिरीची वाट उघडी झाली, नालीच्या घाणीतून जाणारी.

साहेब बूट काढून उभा. फोटोवाला मोबाईल धरून उभा. मागून पोरी गात येऊन राहिलेल्या.

"दुसरी वाट न्हाई का?" साहेबानं इचारलं.

"असती तर आमच्या लेकी हितून गेल्या असत्या का?" शकुंतलाबाई म्हनली.

गेले मंग. घोट्यावर काळा रेंदा, त्यात काय काय तरंगत व्हतं ते सांगत न्हाई, तुमी जेवायचे असाल. सरपंचाची पांढरी विजार गुडघ्यापर्यंत भरली. साहेबाला ओकारी आली. तुमाला वाटंल मी हसले. न्हाई हसले. त्या रेंद्यातून माझी लेक रोज जाते, त्यात हसायचं काय?

विहिरीजवळ पोरी थांबल्या. रीता म्हनली, "नालीचं तोंड फिरल्याबिगर तीज उतरणार न्हाई."

साहेबानं तितूनच फोन लावला, पाय धुतले आन् वसमतच्या रस्त्याला लागला. आमी बायांनी आळीपाळीनं दुरड्या डोक्यावर घेतल्या, माना आखडल्या. दिस कलता कलता जेसीबी आला. दोन घासांत चर खोदला आन् नालीचं तोंड फिरलं! गडीमानसांनी डफ वाजवला, नाचली. नायकाच्या डोळ्यांत पानी आलं. माझ्या बी आलं, खोटं कशाला बोलू.

तेवढ्यात खालून रत्नपाल पळत आला. धापा टाकत मलाच म्हनला, "वैनी, तोंड आमच्याकडं काहून वळवलं?"

पाहिलं तर खरंच. तो काळा लोट चरातून वळवळत त्याच्या वस्तीवर निघाला व्हता. पहिल्या घराच्या उंबऱ्याला टेकला बी व्हता. दारात त्याची म्हातारी उभी, हातात खराटा.

डफ काही थांबला न्हाई. माझा नवरा मोहनसिंग म्हनला, "आपलं काम झालं ना? दुसऱ्याचं झेंगट कशाला गळ्यात घेती?" नायक तिकडं पाहीनाच. गरज सरो, वैद्य मरो! सरपंचाची आली त्याच्या दुप्पट शिसारी मला आमच्याच मानसांची आली. ज्यानं सभेत आमच्यासाठी तोंड उघडलं, त्याच्याच दारात आमी नालीचं तोंड उघडलं, आन् वरून नाचून राहिलो.

माझ्या डोक्यावर रीताची दुरडी व्हती. तिनं ती उचलून आपल्या डोक्यावर घेतली आन् विहिरीकडं पाठ फिरवली.

"अगं, मागं फिरत न्हाईत!" नायक वरडला.

"मागं कुठं फिरले, आजा? पुढंच चालले," रीता म्हनली आन् रत्नपालच्या वस्तीची वाट धरली. तिच्या मागं दुसरी पोरगी, मंग तिसरी, मंग आमी समद्या बाया. डफ आपोआप बंद पडला.

सरपंच दिसभर जेसीबीच्या मागं व्हता, आता नुकताच पाय धुऊन, पुसून, मंदिराच्या पायरीवर बूट चढवून राहिला व्हता. शकुंतलाबाई त्याच्यापुढं जाऊन थांबली.

"काढा पायतान, सरपंच," ती म्हनली. "तीज निघाली."