तीन बंद पाकिटं

निवृत्त स्टोअरकीपरने आयुष्यात तीन कोटेशनं हातात आल्याशिवाय साधा झाडूसुद्धा घेतला नव्हता. आणि आता घरचा कॉम्प्युटर म्हातारा झाला. त्याच्यावर व्हिडिओ कॉल लागेना, त्यामुळे लेकीकडची तीन महिन्यांची नात आजीला दिसेना. आजीची नजर अधू. मोबाइलवर तिला नात कुठली आणि उशी कुठली हेच कळत नसे.

दुरुस्तीवाली म्हणाली, "काका, नवा कशाला घेता? विंडोज काढून लिनक्स टाका, हाच पळायला लागेल. फुकट असतं."

फुकट म्हटल्यावर स्टोअरकीपरला घामच फुटला. किंमत नाही, तर तुलना कशाची करायची? त्यात लिनक्स एक नाही, शेकड्यांनी आहेत म्हणे. दुरुस्तीवालीने नवशिक्याला झेपतील असे तीन प्रकार निवडले, मिंट, उबुंटू आणि झोरिन, आणि तीन पेनड्राइव्हवर घालून दिले. "आत्ताच बसवू नका. पेनड्राइव्ह लावून नुसतं चालवून बघा. पसंत पडलं की मला बोलवा."

स्टोअरकीपरने तिन्ही पेनड्राइव्ह तीन पाकिटांत घातले, डिंकाने चिकटवले आणि जोडावर सह्या ठोकल्या. तुलनात्मक तक्ता तयार झाल्याशिवाय पाकीट फोडायचं नसतं. तक्त्याला सतरा रकाने पडले. ऑफिसातल्या जुन्या अकाउंटंटने मिंटची बाजू घेतली, पुतण्याने उबुंटूची. भाच्याने तिन्ही मोडीत काढून चौथंच नाव सांगितलं, तेव्हा तक्ता पुन्हा आखावा लागला.

"अहो, कुठवर आलं?" बायको विचारी.

"प्रक्रिया चालू आहे."

"पोरगी पालथी पडायला लागली म्हणे."

"बरं."

असे चार महिने गेले. एका दुपारी तो तक्त्याच्या झेरॉक्स काढायला बाहेर पडला, आणि बायकोने सुरीने वरचं पाकीट फोडलं. दुरुस्तीवालीला फोन लावून ती सांगेल ते बटण दाबत गेली.

तो परत आला तेव्हा पडद्यावर लेक होती.

"कुठलं उघडलंस?" त्याचा आवाज चढला.

"वरचं होतं ते. या, बघा तरी!"

त्याने पाहिलं. नात बसली होती, कुणाच्याही आधाराशिवाय. खाली दोन दात. आजीशी अर्धा तास गप्पा मारून चांगली खिदळत होती. स्टोअरकीपर सगळं विसरून पुढे वाकला. "अगं ए ठमाकाकू, मी आजोबा!"

नातीने त्याच्याकडे टक लावून पाहिलं. ओठ मुडपला आणि भोकाड पसरलं.

"मनावर घेऊ नका बाबा," लेक म्हणाली, "नवीन माणूस दिसलं की रडते हल्ली."

तो खुर्चीमागे, पडद्यात दिसणार नाही असा उभा राहिला. मग बायकोला हळूच म्हणाला, "मी इथूनच आवाज दिला, तर चालेल का?"