रुसलेली शीर

"निघालं! निघालं!"

इस्पितळाच्या फाटकासमोर पत्र्याची एक शेड होती. तिथे एकच गलका उडाला. मागची माणसं टाचा उंचावून पाहू लागली. पुढे खुर्चीवर एक म्हातारा डोळे मिटून बसला होता. शीरबाबांनी त्याच्या कानशिलाला पाणी लावलं, त्यावरून ओला बोळा फिरवला आणि वर धरला. मघाशी पांढरा असलेला कापूस लालभडक झाला होता. कानशिलावर मात्र ना जखम, ना ओरखडा!

"हे बघा नासकं रक्त!" शीरबाबा गरजले. "तुमचे डॉक्टर कवटी फोडून काढतात, आम्ही कातडीतून ओढून घेतो. शीर म्हणजे घरची सून, बाबांनो! दटावलीत तर रुसते, कुरवाळलीत तर हसते!"

अंगात भगवं नाही, डोक्यावर जटा नाहीत. पांढराशुभ्र सदरा, खिशाला पेन. इस्पितळासमोर दुकान मांडायचं तर वेशही तसाच हवा, एवढी अक्कल बाबांना होती.

गर्दीत एक सुतार उभा होता. कोणी सांगितलेली गोष्ट पटकन खरी मानणाऱ्यांतला तो नव्हता. फळी सरळ आहे असं दुकानदार म्हणाला तरी एक डोळा मिटून तिची कड पाहिल्याशिवाय तो ती घ्यायचा नाही. पण आज त्याचे दोन्ही डोळे उघडे होते आणि दिसत काहीच नव्हतं.

त्याची बायको बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत बसायची. कुठली गाडी कुठून सुटते, वाटेत कुठे थांबते, सगळं तिच्या जिभेवर. गेल्या आठवड्यात स्वयंपाक करता करता ती डोकं धरून खाली बसली. "अहो, डोक्यात काहीतरी फुटलं," एवढंच म्हणाली आणि आडवी झाली. खरंच फुटलं होतं. मेंदूतल्या एका धमनीला फुगवटा आला होता, तोच फुटला.

डॉक्टरीणबाईंनी ती जागा बंद केली. बायको शुद्धीवर आली, बोललीसुद्धा. सुताराला वाटलं, सुटलो. पण बाई म्हणाल्या, "इतक्यात सुटका नाही. मेंदूभोवती सांडलेलं रक्त अजून तिथेच आहे. ते विरघळायला लागलं की त्यातून जाणाऱ्या धमन्या चिडतात, आकसतात. त्यासाठी गोळ्या चालू आहेत. पण पुढचे काही दिवस डोळ्यांत तेल घालून बघावं लागेल."

आणि आज सकाळी तेच झालं. केस विंचरताना बायकोच्या उजव्या हातातून कंगवा गळून पडला. तिने नवऱ्याकडे पाहिलं, तोंड उघडलं, पण शब्दच फुटेना. घशातून नुसते आवाज येत होते. डोळ्यांत भीती मावत नव्हती.

"धमनी आकसली आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मेंदूचा तो भाग उपाशी आहे, अजून मेलेला नाही. औषधाने मी तिचा रक्तदाब मुद्दाम वाढवतेय, म्हणजे अरुंद वाटेतूनही रक्त रेटलं जाईल. पण तेवढ्यावर विसंबता येणार नाही. मनगटातून बारीक नळी थेट त्या धमनीपर्यंत नेऊ, तिथे औषध सोडू. लागलंच तर नळीच्या टोकाला असतो तो इवलासा फुगा फुगवून धमनी रुंद करू. तुमची संमती हवी."

"धोका आहे का?"

"आहे. क्वचित धमनी फाटू शकते. पण काहीच न करण्यात त्याहून मोठा धोका आहे."

सुताराच्या कानात 'फाटू शकते' एवढंच राहिलं, पुढचं वाक्य पोचलंच नाही. "जरा विचार करतो," म्हणून तो बाहेर पडला, आणि विचार करायला नेमका त्या शेडमध्ये येऊन उभा राहिला.

बाबांनी त्याचा चेहरा वाचला. "आतमध्ये कोण आहे? बायको?"

"हो. डॉक्टर नळी घालायची म्हणतात."

"नळी!" बाबांनी कपाळावर हात मारला. "रुसलेल्या सुनेच्या खोलीत चोर घालताय? आधी मला बघू दे."

भेटायची वेळ झाली तेव्हा सुताराने "हे आमचे काका" म्हणून बाबांना आत नेलं. सिस्टर नुकतीच रक्तदाबाच्या औषधाचा वेग वाढवून पलीकडच्या रोग्याकडे वळली होती. बाबांनी खिशातल्या बाटलीतलं 'मंतरलेलं पाणी' बायकोच्या कानशिलाला लावलं, डबीतला बोळा काढून फिरवला. बोळा लाल!

आणि बायकोचे ओठ हलले. "अहो," ती म्हणाली. अगदी स्पष्ट.

सुताराने बाबांचे पाय धरले. शेजारच्या रोग्याच्या बहिणीने लांबूनच हात जोडले.

डॉक्टरीणबाई धावत आल्या, बाबांना बाहेर काढलं, आणि सुताराला म्हणाल्या, "रक्तदाब वाढला म्हणून ती बोलली. याचा अर्थ तो भाग अजून वाचण्यासारखा आहे. हे फार वेळ टिकणार नाही. आत्ता जाऊ या."

"बाई, आता कशाला? ती बोलली की! बाबा म्हणालेत, नळी घालू नका."

"मी हात जोडते तुम्हाला."

"नको," सुतार म्हणाला. आयुष्यात इतक्या ठामपणे तो कधी काही बोलला नव्हता.

दुपारी बायको पुन्हा गप्प झाली. औषध आणखी वाढवलं, उपयोग झाला नाही. तोंड एका बाजूला ओढलं गेलं, उजवा हात पलंगावर ठेवलेल्या वस्तूसारखा पडून राहिला. सुतार धावत शेडमध्ये गेला.

"तुमच्या मनात शंका आली!" बाबा कडाडले. "शंका आली की शीर पुन्हा रुसते. संध्याकाळी परत बोळा फिरवू."

"संध्याकाळपर्यंत थांबायचं कशाला? इथेच फिरवा की."

मागून आवाज आला. सुताराची थोरली बहीण शाळा सुटताच थेट इस्पितळात आली होती. शाळेत ती रसायनशास्त्र शिकवायची. वहिनीला बघून, डॉक्टरीणबाईंशी बोलून ती शेडमध्ये शिरली होती, आणि सगळा प्रकार तिने ऐकला होता.

"ताई, तू मध्ये पडू नकोस," सुतार म्हणाला.

"मध्ये कुठे पडते? मलाही डोकेदुखी आहे. बाबा, माझं नासकं रक्त काढा."

बाबा चपापले. "बाई, तुमची श्रद्धा नाही."

"बरं, माझी नाही. या खुर्चीची तर असेल?" कोणाला कळायच्या आत ताईने टेबलावरची बाटली उचलली आणि पत्र्याच्या खुर्चीच्या पाठीवर पाणी शिंपडलं. मग डबीतला बोळा चिमटीत धरून त्यावरून फिरवला. लालभडक!

"अगंबाई! खुर्चीलाही झटका आलाय की!"

कोणीतरी फिस्सकन हसलं. ताईने दुसरा बोळा घेतला, ओल्या बोटाने बाबांच्याच कपाळाला पाणी लावलं आणि बोळा टेकवला. बाबांच्या कपाळावरून लाल ओघळ नाकापर्यंत आला.

"बाबांचंही रक्त नासलंय! धावा, कुणीतरी भरती करा!" ताई ओरडली. मग तिचा आवाज बदलला. "नीट ऐका. पाण्यात एक क्षार आहे, पोटॅशियम थायोसायनेट. बोळ्यात दुसरा, फेरिक क्लोराइड. पहिल्याला रंग नाही, दुसरा फिकट पिवळा, कापसावर कळतसुद्धा नाही. दोन्ही एकत्र आले की रक्तासारखा रंग. लोह ओळखायला ही चाचणी मी दरवर्षी वर्गात करून दाखवते. माझी मुलं टाळ्या वाजवतात, पाया पडत नाहीत."

"मग माझा भाऊ चालायला लागला तो?" गर्दीतून एकाने विचारलं.

"किती दिवस व्यायाम करून घेत होते त्याच्याकडून आतमध्ये?"

"महिनाभर."

"मग? हा माणूस फाटकापाशी बसतो. बरे झालेले चालत याच्यासमोरून जातात, त्यांचं श्रेय हा घेतो. न वाचलेले मागच्या दाराने जातात. ते तक्रार करायला कुठून येणार?"

हशा थांबला. सुतार खुर्चीच्या पाठीवरच्या लाल डागाकडे बघत होता. त्याने त्यावर बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं. मग वळला आणि इस्पितळाकडे पळत सुटला.

नळी गेली, औषध सोडलं, फुगाही फुगवावा लागला. धमनी उघडली, फाटली नाही. पण नंतरच्या तपासणीत मेंदूचा एक भाग काळवंडलेला दिसला. तिथे रक्त फार उशिरा पोचलं होतं.

"सकाळीच हो म्हटलं असतं तर?" सुताराने विचारलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "खात्रीने नाही सांगता येणार. पण बहुतेक ती बोलली असती."

बायको जगली. काठी घेऊन चालते. तिला सगळं समजतं. 'हो', 'नको' आणि 'अहो' एवढं बोलता येतं. बाकीचे शब्द ओठांपर्यंत येतात आणि परत फिरतात, मग ती डाव्या हाताने पलंगावर मूठ आपटते. चौकशीच्या खिडकीत आता दुसरं कोणी बसतं. शीरबाबांना पोलिसांनी नेलं आणि काही दिवसांनी सोडलं. ते दुसऱ्या कुठल्या इस्पितळाच्या फाटकासमोर बसतात असं कानावर येतं.

बायकोला बोलण्याच्या व्यायामासाठी आणलं की सुतार बाहेरच्या बाकावर बसतो. एकदा शेजारी एक तरुणी येऊन टेकली. तिच्या वडिलांना आदल्या दिवशी दाखल केलं होतं, तोच आजार.

"काका, इथे कोणी शीरबाबा होते ना? हात लावून शीर मोकळी करायचे म्हणे. कुठे भेटतील?"

सुतार तिच्याकडे वळला. "डॉक्टर काय म्हणाले?"

"नळी घालायची म्हणतात. भीती वाटते हो."

"वाटणारच. मलाही वाटली होती. आत जा आणि डॉक्टरांना विचार. धोका किती, न केलं तर काय, केलं तर काय. कळलं नाही तर पुन्हा विचार, दहा वेळा विचार, लाजू नकोस. खरं सांगणारा माणूस प्रश्नाला चिडत नाही. 'तुझ्या शंकेमुळे काम बिघडलं' असं जो म्हणेल ना, त्याच्याकडे पाठ फिरव."

"पण बाबांमुळे एक बाई बोलली म्हणतात. खरंय का ते?"

"बोलली. माझीच बायको ती," सुतार म्हणाला. "आतल्या औषधाने बोलली, आणि मी पाय दुसऱ्याचे धरले. ऊठ पोरी, इथे बसू नकोस. तुझ्या वडिलांकडे वेळ नाही."